खाली रंग, वर कागद

१२ जानेवारी

ही वही लमीसने दिली. "आई, बोलत नाहीस तर निदान लिही तरी," म्हणाली आणि दुपारच्या बसने इस्माइलियाला सासरी परत गेली. काय लिहायचं ते सांगितलं नाही.

काल शौकी गेल्याचा चाळिसावा दिवस झाला. माझा नवरा. सव्वीस वर्षांचा संसार. कुराण वाचायला आलेल्या माणसाचा आवाज चांगला होता. बायका माझ्या डोळ्यांकडे बघत होत्या. मी एकदा रडले की त्यांचं काम झालं आणि त्या उठून घरी जातील, हे मला दिसत होतं. पण डोळ्यांत काहीच नव्हतं. खालच्या मजल्यावरची करीमान म्हणाली, "रड गं बाई, अशी दगडासारखी बसू नकोस. छाती फुटेल." मी तिला विचारलं, कॉफीत साखर किती घालू? मयताच्या कॉफीत साखर घालत नाहीत हे मला ठाऊक आहे. तरी विचारलं.

आज सगळ्यांची भांडी धुऊन परत केली. एक झाकण उरलंय. कुणाचं ते कळत नाही.

१३ जानेवारी

काही नाही. आतल्या खोलीतलं कपाट अजून भिंतीपासून हातभर पुढे आहे. वाट अडते. मी तिकडे जात नाही.

१५ जानेवारी

उस्ताद घत्तास आले होते. एकोणीस वर्षं ते आणि शौकी जोडीने काम करायचे. घत्तास रंग लावायचे, शौकी वॉलपेपर. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले, जणू खुर्ची ओली आहे.

"लमीसच्या आई, एक काम आलंय. म्हणजे... तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल."

"सांगा."

"कॅम्प सीझर भागात एक हानम आहेत, घरंदाज बाई. त्यांची एक लहानशी खोली आहे. भिंतींना ओल आलीय. खाली रंग करायचा, वर कागद. रंगाचं मी बघेन. कागदाचं..." त्यांनी स्वतःचे तळहात पुढे केले. "यांचं कागद ऐकत नाही. तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत आहे. घत्तासने लावलेला कागद म्हणजे रात्रभर कुणी लोळून उठलेली चादर, असं शौकी म्हणायचा.

"दुसरा कागदवाला बघा."

"बघितला. तो नक्षी जुळवत नाही, ढकलतो."

वीस वर्षं शौकी मापं आणायचा आणि कागद मी कापायचे, आमच्या जेवणाच्या टेबलावर. एका पट्ट्याची नक्षी दुसऱ्याला जुळवायची, मागे आकडे घालायचे, गुंडाळून द्यायचे. भिंतीवर खळ लावून चिकटवायला मी फक्त चार-पाच वेळा गेले असेन, दुसरं माणूस मिळालं नाही तेव्हा.

"मी इद्दतीत आहे," मी म्हणाले. "चार महिने दहा दिवस व्हायचेत."

"ठाऊक आहे. म्हणून तर सांगतो, दिवसाचं काम आहे. ऊन उतरायच्या आत तुम्ही घरी. आणि मार्सेल येऊन बसेल तिथे. मी तिला सांगितलंय." मार्सेल त्यांची बायको.

विचार करते म्हणाले. केला नाही. त्यांचा कप धुतला.

१६ जानेवारी

लमीसने फोनवरून शेखसाहेबांना विचारलं. दिवसा, गरजेपुरतं बाहेर जायला हरकत नाही, रात्र मात्र स्वतःच्या घरी काढायची, असं ते म्हणाले.

मग रश्वान भाऊजींचा फोन. शौकीचे थोरले भाऊ.

"गरज? कसली गरज? आम्ही मेलो का सगळे?"

"नाही."

"मग? चाळिसावा होऊन आठवडा नाही झाला, आणि तू त्या रंगाऱ्याबरोबर लोकांच्या घरी शिड्या चढणार? माझ्या भावाचं नाव काय राहील?"

ते बराच वेळ बोलले. शेवटी म्हणाले, "ऐकतेयस ना?" मी हो म्हणाले. त्यातलं आता काही आठवत नाही.

शौकीची पिशवी काढली. ओळंबा, लांब कात्री, ब्रश, कागद खरवडायची पात. सगळं जागच्या जागी होतं. कामाला का जाते आहे ते मला सांगता येणार नाही. घरी बसायचं तरी का, तेही सांगता येत नाही.

१७ जानेवारी

खोली दोन मीटर सत्तर बाय दोन मीटर दहा. खिडकी इमारतीच्या आतल्या चौकाच्या बोळकांडीत उघडते, म्हणजे उजेड वरून गळल्यासारखा येतो. भिंतींवर तपकिरी कागद, त्यावर थाळ्याएवढी सोनेरी फुलं. तीन वर्षांपूर्वी शौकीनेच लावलेला. कमरेच्या खाली समुद्राच्या खाऱ्या हवेने तो फुगलाय, बोट लावलं की पापडासारखा सुटतो. वरचा अजून धरून आहे.

दुरिया हानम मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. अजूनही आहेत असंच वाटतं.

"पाच तारखेला माझी बहीण येते आहे दमनहूरहून. निअमत. कायमची. चाळीस वर्षांनी आम्ही एका छपराखाली राहणार. ती तक्रार करणार हे नक्की आहे, फक्त कशाची ते आपण ठरवायचं. ओलीची नको."

घत्तास भिंतींवर हात फिरवत म्हणाले, "खालचं सगळं काढू. पुट्टी भरू, ऑइल पेंट मारू, म्हणजे पुसता येईल. पलंगामागची भिंत नव्या कागदाची. आणि ही खिडकीच्या बाजूची, हिचा वरचा कागद राहू द्या. घट्ट आहे. त्याच्यावरूनच रंग मारतो."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. कागदावरून रंग मारा म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांशी हा माणूस भांडून काम सोडून आलेला आहे. 'आधी फुगतं, मग सांधे दिसतात, मग माझं नाव जातं,' हे त्यांचं वाक्य शौकी घरी नक्कल करून दाखवायचा.

"तुम्ही? कागदावर रंग?"

"हवा वादळी आहे. भिंत उघडी केली तर ओल धरेल."

"बाकीच्या तीन उघड्या करतोच आहोत की."

"त्या वेगळ्या."

कशा वेगळ्या ते सांगितलं नाही. वय झालंय त्यांचं, किंवा माझ्यावर कमी काम पडावं म्हणून बोलत असतील. मी म्हणाले, वरचा कागद चारही भिंतींचा निघणार. थाळ्याएवढ्या फुलांनी खोली अंगावर येते. मार्सेल बाहेर बसून मोजे विणत होती.

१८ जानेवारी

मनशिया बाजारातल्या दुकानात कागद निवडला. दुरिया हानम स्वतः आल्या. त्यांना लाल गुलाब हवे होते, कोबीएवढे.

मी पांढुरक्या जमिनीवरच्या बारीक ऑलिव्हच्या डहाळ्या काढल्या. पानं लहान, उभी चढणारी.

"ही?" हानम म्हणाल्या. "ही तर आजाऱ्याच्या अंगावरची चादर आहे."

"खोली दोन मीटरची आहे. गुलाब राहायला आले तर निअमत हानम कुठे राहणार?"

दुकानदार हसला. घत्तासही हसले. हा विनोद झाला हे मला त्यांच्या हसण्यावरून कळलं.

रंग निवडताना शौकीची रीत वापरली. कागदातला सगळ्यात ठळक रंग भिंतीला द्यायचा नाही, सगळ्यात फिका द्यायचा, जो आधी दिसतही नाही. पानाच्या मागच्या बाजूला एक राखाडी हिरवा आहे, वाळलेल्या पुदिन्यासारखा. तोच खाली मारायचा. मध्ये लाकडाची पांढरी पट्टी. पट्टी निम्म्यावर नाही, जरा खाली, म्हणजे वरची भिंत उंच वाटते. हे सगळं बोलताना माझा आवाज मला ऐकू येत होता. बऱ्याच दिवसांनी इतकं बोलले.

परतताना हानम म्हणाल्या, "तुझा नवरा काम सुरेख करायचा हं. पण बसायचा फार. त्या खोलीत स्टूल टाकून बसलेला असायचा, घामाघूम. मला वाटलं, आळशी आहे."

घत्तासने लगेच दुकानदाराला हाक मारून पुट्टीच्या पोत्याबद्दल काहीतरी विचारलं. आम्ही तोवर रस्त्यावर आलो होतो. दुकानदाराला ऐकू गेलं नाही.

जाताना घत्तास म्हणाले, "उद्या आमचा बाप्तिस्म्याचा सण. उद्या सुटी. तुम्हीही येऊ नका. परवा दोघं मिळून कागद काढू."

१९ जानेवारी

घरी बसवेना. गेले. दुरिया हानमनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "सण त्याचा आहे, तुझा नाही. ये."

कोमट पाणी स्पंजने लावायचं, दहा मिनिटं थांबायचं, आणि पात आडवी धरून वर सरकवायची. घाई केली तर गिलावा निघतो. पलंगामागची भिंत झाली. दाराकडची झाली. मग खिडकीच्या बाजूची घेतली.

कागद लावणारे लोक कोऱ्या भिंतीवर पेन्सिलीने तारीख घालतात, नाव घालतात. शौकीही घालायचा. मी एकदा विचारलं होतं की काय लिहितोस. म्हणाला, जे मनात असेल ते, कोण वाचतंय. आधीच्या दोन भिंतींवर नुसती मापं होती.

या भिंतीवर, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, त्याचं अक्षर होतं. तीन वर्षांपूर्वीची तारीख, चौदा फेब्रुवारी.

"शौकी आणि घत्तास. पाऊस. हृदयाची झडप खराब आहे. डॉक्टर म्हणतो छाती उघडायला लागेल, नाहीतर दोन-तीन वर्षं. मी उघडू देणार नाही. भीती वाटते. अफकारला सांगायचं नाही."

अफकार म्हणजे मी.

त्याच्या खाली घत्तासचं वेडंवाकडं अक्षर. "सांग तिला, गाढवा."

तीनदा वाचलं. 'उघडायला'मधला एक काना सुटलाय. पाणी थंड झालं होतं, बदलून आणलं. भिंतीचा उरलेला कागद काढला. त्याखाली काही नव्हतं. हानमनी चहा आणला, तो प्याले. त्यांनी भिंतीकडे बघितलं, चष्मा घातलेला नव्हता.

मिनीबसने घरी आले. भात केला. खाल्ला.

२० जानेवारी

आता लिहूनच ठेवते.

तीन डिसेंबरला सकाळी मी शौकीला म्हणाले, कपाट सरकव, मागे बुरशी आलीय. तो म्हणाला, उद्या. मी म्हणाले, लोकांच्या घरी तुझ्यात जोर असतो, घरी आलास की संपतो. तो उठला आणि त्याने कपाट सरकवलं. हातभर. मग जमिनीवर बसला. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. काय बोलणं झालं होतं ते मी कुणालाच सांगितलं नाही. लमीसलाही नाही.

आज सकाळी घत्तास डबा घेऊन आले. मार्सेलने सणाच्या अळकुड्या दिल्या होत्या, हिरव्या पाल्यातल्या. खोलीत शिरले आणि भिंत बघितली. डबा जमिनीवर ठेवला.

"तुम्हाला आणायच्या आधीच मी येऊन ती भिंत एकट्याने खरवडणार होतो," ते म्हणाले. "हानमनी दारच उघडलं नाही. बाईमाणूस बरोबर असेल तरच ये म्हणाल्या."

मी डबा उचलून खिडकीत ठेवला.

"की तुम्हाला दिसावी असंच मला वाटत होतं, कोण जाणे. माझं मलाच कळलेलं नाही."

"कामावर तो ओझी उचलायचा?"

"नाही. शेवटचं वर्षभर मी त्याला रंगाचा डबासुद्धा उचलू दिला नाही."

"त्या दिवशी त्याने कपाट उचललं. मी सांगितलं म्हणून."

घत्तासने टोपी काढली. "तुम्हाला माहीत नव्हतं, लमीसच्या आई."

"नव्हतं. तुम्हाला होतं."

ते स्टुलावर बसले. खूप वेळ बसले. मला त्यांची दया यायला हवी होती बहुतेक. मी म्हणाले, पुट्टी भिजवलीय, वाळेल. मग ते उठले आणि कामाला लागले. मार्सेलने दोनदा आत डोकावून बघितलं.

अळकुड्या चांगल्या झाल्या होत्या. तेही लिहिते, कारण खरं आहे.

२३ जानेवारी

वादळ. काम बंद. लाटा रस्त्यावर येतात म्हणून मिनीबस नाहीत.

रश्वान भाऊजी तरीही आले, भिजून. समजावायला. आल्याआल्या सुरू झाले. घराण्याचं नाव, शेजारपाजार, मी म्हणजे त्यांच्या बहिणीसारखी. मी टॉवेल दिला आणि विचारलं, "शौकीच्या झडपेचं तुम्हाला माहीत होतं?"

टॉवेल डोक्यावर होता तो तसाच राहिला.

"त्याने मला शपथ घातली होती," ते टॉवेलच्या आतून म्हणाले.

"कधी?"

"आपण गेल्या वर्षी ईदला जमलो होतो ना, तेव्हा."

त्या ईदला सगळ्यांनी शौकीला आळशी म्हणून चिडवून चिडवून गच्चीवर तीनदा पाठवलं होतं, कुर्बानीची मेंढी बघायला. मीही. भाऊजी एकटे म्हणत होते, जाऊ दे, मी जातो. तेव्हा मला वाटलं, थोरलेपण मिरवतायत.

चहा न घेता गेले. शिड्यांबद्दल पुढे काही बोलले नाहीत.

२४ जानेवारी

लमीसला फोन केला. सांगितलं. झडपेचंही आणि कपाटाचंही.

ती म्हणाली, "आई, मला माहीत नव्हतं. देवाशपथ नव्हतं." आणि रडायला लागली. माझा तिच्यावर विश्वास बसला. शौकीने फक्त आम्हा दोघींना बाहेर ठेवलं होतं. मी फोन धरून बसले. ती खूप रडली. मग मध्येच म्हणाली, "आणि तू इतके दिवस ते कपाटाचं एकटीने पोटात ठेवलंस?" मी म्हणाले, हो. ती म्हणाली, "तू पण त्याच्यासारखीच आहेस."

हे मला आवडलं नाही.

२६ जानेवारी

पुट्टी घासून झाली. आज प्राइमर.

घत्तासने तीन भिंती केल्या आणि चौथीपुढे डबा घेऊन उभे राहिले. "ही तशीच ठेवू? वरून कागद येणारच आहे."

मी भिंतीला कागदाचा तुकडा लावून बघितला. पांढुरका आणि पातळ आहे. खालची पेन्सिल सावलीसारखी दिसते.

"दिसेल," मी म्हणाले. "मारा."

त्यांचा हात वर गेला आणि थांबला. ब्रशमधून थेंब टपकून लादीवर पडले. मी त्यांच्या हातातून ब्रश घेतला.

पहिला हात मारला. अक्षरं करडी झाली पण वाचता येत होती. 'भीती वाटते' तर जास्तच ठळक दिसायला लागलं. वाळेपर्यंत बसून राहिले. दुसरा हात मारताना माझ्या तोंडून मोठ्याने आलं, "भित्रा कुठला! तीन वर्षं! तीन वर्षं माझ्या ताटाला ताट लावून जेवलास आणि एक शब्द नाही! मला सांगितलं असतंस तर मी तुला फरफटत नेलं असतं दवाखान्यात! म्हणूनच नाही सांगितलंस ना? म्हणूनच ना?"

दुरिया हानम धावत आल्या. "काय झालं? कोण पडलं?"

"कुणी नाही. नवऱ्याशी बोलते आहे."

त्यांनी घत्तासकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. "बोल बाई, बोल," त्या म्हणाल्या. "मीही बोलते माझ्या नवऱ्याशी. आता मध्ये तोंड घालत नाहीत, तेवढंच सुख."

दुसऱ्या हातानंतर काही दिसत नव्हतं. घत्तास बोळकांडीच्या खिडकीकडे तोंड करून उभे होते. घरी आल्यावर दंड दुखत होता. अंघोळ केली आणि संध्याकाळीच झोपले. सकाळपर्यंत झोपले. हे सकाळी उठून लिहिलं.

२९ जानेवारी

खालचा रंग झाला, दोन हात. डब्यात घाणेरडा दिसत होता. भिंतीवर लागल्यावर मवाळ झाला.

काळ्या कपड्यांवर पुट्टीचे पांढरे डाग पडलेत. करीमान म्हणाली, "हे काय गं, सुतकातले कपडे ना हे?" मी म्हणाले, निघतात, पाण्याने निघतात.

३१ जानेवारी

कागद लागला.

पहिला पट्टा ओळंब्याने. तो चुकला की सगळी खोली कलते. मी वर शिडीवर, घत्तास खाली कडा धरून. दुसऱ्या पट्ट्याला डहाळी डहाळीला मिळाली. तिसऱ्यात फुगा आला, तो कपड्याने मधून कडेला नेला. कोपऱ्यात कागद अखंड वळवायचा नाही. दोन बोटं पुढे नेऊन कापायचा आणि नवा पट्टा त्यावर चढवायचा, कारण कुठल्याच घराचा कोपरा सरळ नसतो. छताचा पांढरा रंग घत्तासने वीतभर भिंतीवर खाली उतरवून ठेवला होता. कागद तिथे संपला तेव्हा छत कुठे सुरू होतं ते कळेनासं झालं.

पट्टी ठोकल्यावर आम्ही दोघं दारात उभे राहिलो. खोली तेवढीच होती. पण आत गेल्यावर खांदे आपोआप सैल पडत होते.

"शौकीपेक्षा सांधा बारीक आलाय," घत्तास म्हणाले.

"खोटं बोलू नका."

"मी तुमच्याशी एकदा गप्प बसलो. खोटं कधी बोललो नाही."

मी त्याचा विचार केला. तसं बघितलं तर बरोबर आहे. राग गेला नाही. पण बरोबर आहे.

५ फेब्रुवारी

निअमत हानम आल्या. दुरिया हानमपेक्षा बारीक, आणि आवाज दुप्पट. आम्ही हत्यारं आवरायला गेलो होतो.

त्या दारात उभ्या राहिल्या, मग आत जाऊन चारही भिंतींना हात लावून आल्या. खाली, मग वर.

"खिडकी लहान आहे," म्हणाल्या.

"खिडकी बापाने बांधली, मी नाही," दुरिया हानम म्हणाल्या.

"आणि उशी उंच आहे."

"बदलते."

मग निअमत हानम बूट न काढताच पलंगावर कलंडल्या, जरा पाठ टेकते म्हणून. दोन मिनिटांत घोरायला लागल्या. दुरिया हानम त्यांचे बूट काढायला वाकल्या. एका बुटाची गाठ सुटेना, तर तिथेच लादीवर बसल्या आणि नखाने सोडवत राहिल्या. आम्ही हळूच निघालो.

जिन्यात माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. का ते कळलं नाही. बूट बघून कुणी रडतं का? घत्तास दोन पायऱ्या खाली उभे राहिले, पाठ करून. थांबल्यावर आम्ही खाली उतरलो.

८ फेब्रुवारी

दुपारी घत्तासचा फोन. सिदी बिश्रला काम आहे, जिन्याखालची खोली, छत एका बाजूला तिरकं उतरतं, तिथे एका शिकणाऱ्या मुलीची अभ्यासाची जागा करायची आहे. त्यांच्या मते उतरत्या बाजूला कागद, उभ्या बाजूला रंग. मी म्हणाले, उलट. उतरत्या बाजूला डोकं घासतं, तिथे कागद टिकायचा नाही. ते म्हणाले, बघा, म्हणून तुम्ही हव्यात.

"येते," मी म्हणाले. "पण आधी सांगा, तुम्हाला काय काय आहे?"

"म्हणजे?"

"आजार. सगळे. तोंडाने सांगा."

ते हसले. मी हसले नाही, तेव्हा थांबले.

"डावा गुडघा," ते म्हणाले.

"ते दिसतं. अजून?"

"साखर. मार्सेलला माहीत आहे. गोळी तीच देते."

"अजून?"

मला वाटलं फोन कटला.

"उस्ताद घत्तास."

"उजव्या डोळ्याला कडेचं दिसत नाही," ते म्हणाले. "वर्ष झालं. हळूहळू वाढतंय."

"म्हणून हानमकडे कोपऱ्यात हातभर जागा रंगवायची सुटली होती?"

"तुम्ही बघितलं होतंत?"

"मी रंगवली. डॉक्टरकडे गेलात?"

"जाईन की. हे काम झालं की..."

"मार्सेलला सांगितलंत?"

"लमीसच्या आई, तिला सांगितलं तर ती मला शिडीवर चढू देणार नाही. मला दुसरं काय येतं?"

त्यांचा आवाज तोच होता, रोजचा. पण शब्दांच्या मध्ये जागा पडत होती. आता मला कळलं की भीती कशी ऐकू येते. तीन वर्षं ती माझ्या घरात होती, आणि मी तिला आळस म्हणत होते.

"ती घरात आहे?" मी विचारलं.

"स्वयंपाकघरात."

"फोन तिला द्या."

"आज नको."

"फोन तिला द्या, घत्तास."

नुसतं नाव घेऊन मी त्यांना कधी हाक मारली नव्हती. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग पावलं, सावकाश. मग भांडी ठेवल्याचा आवाज, आणि मार्सेल म्हणाली, "हॅलो, अफकार? काय झालं? आणि हे असे माझ्याकडे का बघतायत?"